वाचकांचे प्रश्न : एआयकडून ईमेल टेम्प्लेट लिहून घेताना

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न ईमेल टेम्प्लेटचे आहेत आणि प्रत्येकात एआय असिस्टंटचा हात आहे. टॅगची (पानाचा एकेक भाग सांगणाऱ्या शब्दांची) आणि अॅट्रिब्यूटची (त्या भागाला दिलेल्या गुणधर्मांची) नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायची.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं मासिक ई-पत्रक एआय असिस्टंटकडून एचटीएमएलमध्ये करून घेतलं. क्रोममध्ये छान दिसतं, जीमेलमध्येही ठीक. पण सभासदांच्या ऑफिसातल्या आउटलुकमध्ये शेजारचे दोन रकाने एकाखाली एक येतात, बटण आक्रसतं आणि मजकूर खिडकीच्या पूर्ण रुंदीभर पसरतो. ‘आउटलुकमध्ये नीट दिसेल असं कर’ म्हटलं की प्रत्येक वेळी नवीनच काहीतरी बिघडतं. नेमकं काय सांगायचं?

उत्तर : त्याला एचटीएमएल लिहायलाच सांगू नका.

विंडोजवरचं जुन्या पद्धतीचं आउटलुक २००७च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला ब्राउझरचं इंजिन वापरत नाही, वर्डचं वापरतं. वर्डला फ्लेक्स आणि ग्रिड (रकाने मांडायच्या वेबच्या पद्धती) कळत नाही, मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) कळत नाही, सीएसएसमधून (रूप ठरवणाऱ्या नियमांमधून) दिलेलं पार्श्वचित्र किंवा गोल कोपरे कळत नाहीत. डिव्हला (मजकुराच्या साध्या चौकटीला) दिलेलं पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, तीही तो सोडून देतो. तुमचा मजकूर पसरला तो मॅक्स-विड्थमुळे, रकाने घसरले ते फ्लेक्समुळे आणि बटण आक्रसलं ते पॅडिंगमुळे. विंडोजचं नवं आउटलुक वेबच्या इंजिनावर चालतं, तिथे हा त्रास नाही. पण कचेऱ्यांमध्ये जुनं आउटलुक अजून भरपूर वापरात आहे.

असिस्टंट जे शिकला आहे त्यात वेबपानं प्रचंड आणि ईमेलची टेम्प्लेटं त्या मानाने नगण्य. त्यामुळे मोकळा सोडला की तो वेबपान लिहितो. आउटलुकची आठवण करून दिली की तो टेबलं घालतो आणि फक्त आउटलुकला दिसणाऱ्या कंडिशनल कमेंटही घालतो. खरी गडबड तिथे होते. या कमेंटमधलं टेबल एका कमेंटमध्ये उघडतं आणि बरंच खाली दुसऱ्या कमेंटमध्ये बंद होतं. मधला एक तुकडा बदलायला सांगितला आणि असिस्टंटने बंद करणारी ओळ गाळली, तर जीमेलमध्ये काहीच फरक दिसत नाही, कारण जीमेलसाठी ती कमेंटच असते. आउटलुकमध्ये मात्र तिथून खालचं सगळं पत्रक विस्कटतं. दर वेळी नवीन बिघाड होतो तो बहुधा यामुळे.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे एमजेएमएल. मेलजेट या कंपनीने ही भाषा तयार केली आणि २०१६ मध्ये मुक्त स्रोत म्हणून सगळ्यांसाठी खुली केली. तुम्ही फक्त सेक्शन, कॉलम, मजकूर, चित्र, बटण एवढं लिहायचं. टेबलं, कंडिशनल कमेंट, आउटलुकला पार्श्वचित्र दाखवायला लागणारं व्हीएमएल हे सगळं रूपांतर करणारं साधन स्वतः तयार करतं. असिस्टंटने लिहायच्या ओळी कितीतरी कमी होतात आणि त्यातल्या चुका पकडायला एमजेएमएलचा स्वतःचा व्हॅलिडेटर मिळतो. साध्या ईमेल एचटीएमएलसाठी इतका उपयोगी व्हॅलिडेटर नाही. वेबचा व्हॅलिडेटर ईमेलला लागणाऱ्या जुन्या अॅट्रिब्यूटनाच चुका म्हणतो आणि आउटलुकच्या अडचणींबद्दल गप्प राहतो.

संगणकावर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बसवा, त्याच्यासोबत येणाऱ्या एनपीएममधून एमजेएमएल घ्या, आणि आवृत्ती प्रकल्पात नेमकी नोंदवून ठेवा. तुमच्या मेल पाठवणाऱ्या सेवेला एमजेएमएल चालत नसलं तरी हरकत नाही. रूपांतर झालेलं एचटीएमएल तिथे चिकटवायचं. एक शिस्त मात्र सोडू नका : तयार झालेल्या एचटीएमएलला ना तुम्ही हात लावायचा, ना असिस्टंटने. दुरुस्ती होते ती मूळ फाइलमध्येच.

प्रश्न : एमजेएमएल मागतो, पण असिस्टंट त्यातही मनाचे टॅग घालतो. कधी एमजे-रो, कधी एमजे-कार्ड, कधी एमजे-लिस्ट. अॅट्रिब्यूटही बरेचदा अस्तित्वातच नसतात. सूचनांच्या फाइलमध्ये काय लिहावं? आणि सूचना मराठीत लिहिल्या तर चालतात का?

उत्तर : मराठीत लिहा, चालतात. टॅग, अॅट्रिब्यूट आणि त्यांच्या किमती (व्हॅल्यू) तेवढ्या रोमनमध्ये जशाच्या तशा ठेवा. या सूचना दर वेळी चॅटमध्ये चिकटवण्यापेक्षा प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये एका फाइलमध्ये असाव्यात. कोड लिहिणारे बहुतेक असिस्टंट एजंट्स डॉट एमडी किंवा तत्सम नावाची फाइल आपोआप वाचतात.

मनाचे टॅग येतात त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्हींवरचा उपाय निराळा आहे.

पहिलं कारण म्हणजे आवृत्त्यांची सरमिसळ. तुमच्या यादीतला एमजे-लिस्ट काल्पनिक नाही; तो आवृत्ती ३ मध्ये होता, ४ मध्ये काढला. तसंच एमजे-कंटेनर हा ३ मधला टॅग ४ मध्ये गेला आणि त्याचं काम एमजे-बॉडीकडे आलं. सोशल चिन्हं ३ मध्ये एकाच टॅगच्या अॅट्रिब्यूटमध्ये नावं देऊन यायची, ४ मध्ये प्रत्येक चिन्हासाठी स्वतंत्र एमजे-सोशल-एलिमेंट लागतो. जुने लेख आणि जुनी उदाहरणं असिस्टंटने वाचलेली आहेतच. म्हणून सूचनांची पहिली ओळ आवृत्तीची हवी, आणि तिच्याखाली ‘हे टॅग आता नाहीत’ अशी छोटी यादी.

दुसरं कारण म्हणजे वेबची सवय. एमजे-रो आणि एमजे-कार्ड हे वेबच्या फ्रेमवर्कमधून आलेले अंदाज आहेत. इथे मनाई करून भागत नाही, परवानगीची यादी द्यावी लागते. एका साध्या पत्रकाला पुरेल असा मसुदा देतो :

‘या प्रकल्पात एमजेएमएल ४ आहे. बॉडीमध्ये फक्त हे टॅग वापरावेत : सेक्शन, रॅपर, कॉलम, ग्रुप, टेक्स्ट, इमेज, बटन, डिव्हायडर, स्पेसर, टेबल, सोशल, सोशल-एलिमेंट, रॉ. यादीबाहेरचा टॅग हवासा वाटला तर लिहू नये, आधी विचारावं. बॉडीत सेक्शन किंवा रॅपर, रॅपरमध्ये सेक्शन, सेक्शनमध्ये कॉलम किंवा ग्रुप, ग्रुपमध्ये कॉलम, मजकूर, चित्र आणि बटण नेहमी कॉलममध्येच. सेक्शनमध्ये सेक्शन नाही, कॉलममध्ये कॉलम नाही. मापं पिक्सेलमध्ये, फक्त ग्रुपमधल्या कॉलमची रुंदी टक्क्यांत. रेम आणि एम वापरू नये. मार्जिन हे अॅट्रिब्यूट कुठेच नाही, अंतर पॅडिंगने द्यावं. प्रत्येक चित्राला आल्ट (चित्राऐवजी दिसणारा मजकूर) द्यावा. उत्तरात फक्त फाइल द्यावी. आधी-नंतर स्पष्टीकरण नको, कोडभोवती तीन बॅकटिक नकोत.’

मसुद्यातल्या टॅगना फाइलमध्ये पुढे एमजे आणि हायफन लावायचं. परवानगीच्या यादीतून अॅकॉर्डियन आणि कॅरोसेल मुद्दाम वगळले आहेत. ते एमजेएमएलमध्ये आहेत, असिस्टंटला आवडतातही, पण हलणारं-उघडणारं काही बऱ्याच मेल-प्रोग्रॅममध्ये चालत नाही.

आता अॅट्रिब्यूट. इथे पूर्ण दस्तऐवज सूचनांत ओतू नका. लांबलचक सूचनांमध्ये महत्त्वाचं बुडून जातं. जिथे हमखास चूक होते तेवढ्याच जोड्या लिहा. एमजे-टेक्स्टला बॅकग्राउंड-कलर नाही, कंटेनर-बॅकग्राउंड-कलर आहे. सेक्शनच्या पार्श्वचित्राला बॅकग्राउंड-यूआरएल. क्लास चालत नाही, सीएसएस-क्लास चालतो. आणि एमजे-क्लास ही तिसरीच गोष्ट आहे, ती फाइलच्या डोक्यातल्या (वरच्या एमजे-हेड भागातल्या) एमजे-अॅट्रिब्यूट्समध्ये ठरवलेल्या किमतींचा संच लावते. या तिघांची गल्लत असिस्टंट फार करतो.

सीएसएस-क्लासमध्ये आणखी एक खाच आहे. एमजे-टेक्स्टला क्लास दिला की तो बाहेरच्या टेबलच्या खान्यावर बसतो, आणि रंग व अक्षराचा आकार मात्र आतल्या डिव्हवर थेट लिहिलेला असतो. त्यामुळे क्लासमधून रंग बदलला तरी मजकूर काळाच राहतो. असिस्टंट मग नेम चुकल्यासारखे नवनवीन नियम लिहीत बसतो. त्याला सरळ सांगा : रंग, आकार, फॉन्ट हे अॅट्रिब्यूटनेच द्यायचे, क्लास फक्त मोबाइलवरच्या खास बदलासाठी, आणि तोही आतल्या डिव्हला उद्देशून.

शेवटी तुमच्याकडचं एक तपासलेलं, चालतं टेम्प्लेट नमुना म्हणून शेजारी ठेवा आणि ‘याच धाटणीत लिहावं’ म्हणा. वीस नियमांपेक्षा एक बरोबर नमुना जास्त काम करतो, हे या कामात अगदी पदोपदी दिसतं. फक्त तो नमुना आधी कडक तपासणीतून काढा. त्यातली चूक प्रत्येक नव्या टेम्प्लेटमध्ये उतरेल.

प्रश्न : बॅनरच्या चित्राला विड्थ १०० टक्के दिली होती. रूपांतर झालं, पण मेलमध्ये चित्र नखाएवढं दिसतं. असिस्टंट म्हणतो कोड बरोबर आहे.

उत्तर : कोड बरोबर नाही. एमजे-इमेजची विड्थ फक्त पिक्सेलमध्ये चालते. टक्के दिले की त्यातला आकडा तेवढा उचलला जातो आणि चित्र १०० पिक्सेल रुंद होतं. विड्थ काढून टाका. दिली नाही की चित्र उपलब्ध जागा स्वतःच व्यापतं. बॉडीची मूळ रुंदी ६०० पिक्सेल असते आणि चित्राला दोन्ही बाजूंनी २५ पिक्सेल पॅडिंग आधीच असतं, म्हणजे एका कॉलमात चित्र ५५० होतं. काठापासून काठापर्यंत हवं असेल तर चित्राचं पॅडिंग शून्य करा. सेक्शनला वर-खाली २० पिक्सेल असतात, तेही शून्य करा. चित्राची फाइल १२०० पिक्सेल रुंद घ्या, म्हणजे दाट पडद्यावर धूसर दिसणार नाही. जेपीजी किंवा पीएनजीच घ्या. एसव्हीजी जीमेलमध्ये दिसत नाही, वेबपी जुन्या आउटलुकमध्ये दिसत नाही, आणि कोडमध्येच बेस-६४ करून कोंबलेलं चित्र जीमेल दाखवत नाही. असिस्टंट लोगोसाठी हे तिन्ही पर्याय सुचवतो, म्हणून सूचनांत तसं स्पष्ट लिहा.

प्रश्न : ऑनलाइन पुस्तकविक्रीचं दुकान चालवतो. ऑर्डर मिळाल्याचा मेल एमजेएमएलमध्ये करून घेतला. त्यात ‘प्रत्येक पुस्तकासाठी’ असं लूप आहे आणि ‘सवलत असेल तर’ अशी अट आहे. रूपांतर करताना एचटीएमएल फाइल व्यवस्थित तयार झाली, पण गिऱ्हाइकाला तीन पुस्तकांच्या जागी एकच ओळ गेली, तीही रिकामी. आणि सवलतीची पट्टी सगळ्यांनाच दिसली. चूक कुठे शोधायची?

उत्तर : तयार झालेल्या एचटीएमएलमध्ये लूपची सुरुवात शोधा. सापडणार नाही. ती रूपांतरातच गळाली आहे.

एमजेएमएलचे टॅग दोन जातींचे आहेत. सेक्शन, कॉलम, रॅपर यांच्यात फक्त दुसरे एमजेएमएल टॅग असतात. त्यांच्या मध्ये मोकळा मजकूर ठेवला तर तो बाहेर पडत नाही. टेक्स्ट, बटन, टेबल, रॉ यांच्यात मात्र मजकूर आणि साधं एचटीएमएल असतं, आणि ते जसंच्या तसं पुढे जातं. असिस्टंटने तुमचं लूप दोन सेक्शनांच्या मध्ये उघडं लिहिलं असणार. महिरपी कंसातली ती ओळ रूपांतर करणाऱ्याच्या दृष्टीने सेक्शनांमधला मोकळा मजकूर होता. तो गेला, सेक्शन राहिला. अट गेली, पट्टी राहिली. पुस्तकाचं नाव कोणत्याही लूपमध्ये नसल्यामुळे रिकामं आलं.

दोन सेक्शनांभोवतीची अट हवी असेल तर अटीची सुरुवात एका एमजे-रॉमध्ये आणि शेवट दुसऱ्या एमजे-रॉमध्ये ठेवायचा. पुस्तकांच्या ओळींसाठी याहून साधा मार्ग आहे : सगळी यादी एका एमजे-टेबलमध्ये घ्या आणि लूप त्याच्या आत, टेबलच्या ओळीच्या आधी-नंतर लिहा. टेबलच्या आतलं जसंच्या तसं जात असल्याने लूप टिकतं. प्रत्येक पुस्तकामागे पूर्ण सेक्शन पुन्हा पुन्हा तयार करण्यापेक्षा मेलचा आकारही पुष्कळ कमी राहतो.

असिस्टंटला द्यायचे नियम : सेक्शन किंवा कॉलमच्या पातळीवर टेम्प्लेटची कोणतीही खूण (महिरपी कंसातलं लूप, अट किंवा नाव) एमजे-रॉशिवाय नको. अटीत ‘पेक्षा लहान’चं चिन्ह नको, कारण मार्कअप वाचणाऱ्या साधनाला ती टॅगची सुरुवात वाटू शकते, ती तुलना सर्व्हरवर करून हो-नाही एवढंच टेम्प्लेटला द्यावं. अॅट्रिब्यूट दुहेरी अवतरणात असेल तर आतली खूण एकेरी अवतरणात. दुव्याच्या पत्त्यात खूण चालते. पण रंगात किंवा मापात खूण ठेवली तर कडक तपासणी ती नाकारते, कारण तिथे खरा रंग किंवा खरं माप अपेक्षित असतं.

एवढं मोठं गळालं तरी कोणी ओरडलं का नाही, हा प्रश्न राहतोच. तपासणीच्या तीन पातळ्या आहेत : स्ट्रिक्ट, सॉफ्ट, स्किप. न सांगता सॉफ्ट लागू असते. तिच्यात चूक सापडली तरी इशारा देऊन फाइल तयार होते, आणि अनोळखी टॅग असेल तर तो आतल्या मजकुरासकट गायब होतो. असिस्टंट ‘फाइल तयार झाली’ हे वाचून काम झालं म्हणतो. म्हणून व्हॅलिडेशन-लेव्हल स्ट्रिक्ट ठेवा. मग चूक असेल तर रूपांतर होतच नाही. लूप गळण्याची तुमची चूक मात्र स्ट्रिक्टलाही सापडेलच असं धरून चालू नका, कारण तिच्यात ना टॅग चुकला ना अॅट्रिब्यूट. तिच्यासाठी वेगळी चाचणी लावा : मूळ फाइलमधल्या सगळ्या खुणा मोजा, तयार एचटीएमएलमधल्या मोजा, आणि आकडे जुळतात का पाहा. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, असिस्टंटच लिहून देईल. मग तीन पुस्तकांचा, एका पुस्तकाचा आणि सवलत नसलेला असे तीन नमुना-ऑर्डर घालून मेल तयार करून बघा. नमुना खोट्या नावांचा बनवा. खऱ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते असिस्टंटला चिकटवू नका.

प्रश्न : असिस्टंटलाच ‘हे एमजेएमएल व्हॅलिड आहे का, तपास’ म्हटलं तर पुरत नाही का?

उत्तर : नाही. तो वाचून मत देतो, आणि ज्या समजुतीने चूक लिहिली त्याच समजुतीने वाचतो. आज्ञा चालवू शकणारा असिस्टंट असेल तर त्याला सांगा की प्रत्येक बदलानंतर व्हॅलिडेटर चालवायचा आणि त्याचं आउटपुट जसंच्या तसं दाखवायचं. तशी सोय नसेल तर तुम्ही चालवा आणि आलेला संदेश पूर्ण चिकटवा. ‘चालत नाही’ एवढंच कळवलं तर तो चांगला भागही बदलून ठेवतो. व्हॅलिडेटर ओळीचा क्रमांक, टॅग आणि तक्रार देतो, समजा ओळ ४२, एमजे-टेक्स्ट, बॅकग्राउंड-कलर हे अॅट्रिब्यूट अवैध. एवढ्यावर तो नेमकी तीच ओळ सुधारतो. ‘फक्त तक्रार असलेल्या ओळी बदलाव्यात’ हे सोबत लिहा आणि आधीच्या-नंतरच्या फाइलमधला फरक पाहा. एकच तक्रार दोनदा सुधारूनही राहिली तर त्याला पुन्हा पुन्हा ढोसू नका. त्या टॅगच्या अधिकृत दस्तऐवजातला अॅट्रिब्यूटचा तक्ता त्याच्यापुढे ठेवा.

व्हॅलिडेटरच्याही नजरेतून एक गोष्ट हमखास निसटते. वर सांगितलं की टेक्स्टच्या आतला मजकूर जसाच्या तसा जातो. असिस्टंटने एमजे-टेक्स्टच्या आत एमजे-बटन लिहिलं तर स्ट्रिक्ट तपासणी गप्प राहते, आणि वाचणाऱ्याला बटणाच्या जागी साधी अक्षरं दिसतात, दुवा नसलेली. त्यामुळे तयार एचटीएमएलमध्ये ‘कोनी कंस आणि लगेच एमजे-हायफन’ हे शोधा. एकही सापडता कामा नये. क्लासच्या नावांत एमजे असतं ते ठीक आहे, टॅगची सुरुवात म्हणून नको.

प्रश्न : महाराष्ट्र मंडळाचं पत्रक परदेशातल्या सभासदांना मराठीत पाठवतो. अक्षरांच्या वरच्या मात्रा आधीच्या ओळीला चिकटतात, काहींना शिरोरेषा तुटलेली दिसते, आणि दिवाळीच्या मोठ्या पत्रकाचा शेवट जीमेलमध्ये कापला गेला. असिस्टंटला काय सांगावं?

उत्तर : तिन्हींची कारणं वेगवेगळी.

ओळी चिकटतात कारण एमजे-टेक्स्टची मूळ लाइन-हाइट १ आणि अक्षर १३ पिक्सेल असतं. हे रोमनच्या हिशोबाने आहे. ‘र्की’, ‘ट्रूं’ अशा वर-खाली वाढणाऱ्या अक्षरांना ते पुरत नाही. मराठीला १६ किंवा १७ पिक्सेल आणि १.६ लाइन-हाइट द्या, आणि ती डोक्यातल्या एमजे-अॅट्रिब्यूट्समध्ये एकदाच द्या, म्हणजे असिस्टंट प्रत्येक टॅगवर वेगळी किंमत लिहिणार नाही. मथळ्यांना १.४ पुरते.

शिरोरेषा तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे. इंग्रजी पत्रकांच्या नमुन्यावरून असिस्टंट मथळ्याला आणि बटणाला १-२ पिक्सेल अंतर देतो. देवनागरीत ते शून्यच हवं. त्याला बंदी घाला.

फॉन्टचंही याच ओघात सांगतो. वेबवरून येणारा फॉन्ट अॅपलच्या मेलमध्ये दिसतो, जीमेलमध्ये भरवशाचा नाही. म्हणून यंत्रात आधीपासून असलेल्या फॉन्टची साखळी द्या : विंडोजसाठी निर्मला यूआय, अॅपलसाठी कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडसाठी नोटो सॅन्स देवनागरी, मग एरियल, शेवटी सॅन्स-सेरिफ. नावांमध्ये जागा असल्याने असिस्टंट ती दुहेरी अवतरणात टाकतो आणि दुहेरी अवतरणातलं अॅट्रिब्यूट तिथेच तुटतं. आतली नावं एकेरी अवतरणात हवीत.

आता कापलेला शेवट. मेलचं एचटीएमएल १०२ केबीच्या पुढे गेलं की जीमेल उरलेलं लपवतं आणि ‘पूर्ण संदेश पाहा’चा दुवा दाखवतं. चित्रांच्या फाइली यात धरत नाहीत, कोड आणि मजकूर धरतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना, हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. काही असिस्टंट ‘सुरक्षित’ म्हणून अक्षरांच्या जागी आकडी एंटिटी लिहितात : अँपरसँड, हॅश, चार आकडे, अर्धविराम. प्रत्येक चिन्हाला सात बाइट, तोच शब्द ७० बाइटांचा. दोन हजार शब्दांचा मराठी मजकूर यूटीएफ-८मध्ये ढोबळमानाने ४० केबी होतो. एंटिटीत तो एकटाच मर्यादेजवळ पोहोचतो. आणि पत्रकाच्या तळाशी सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा असतो, तोच आधी लपतो. म्हणून ‘मजकूर थेट यूटीएफ-८ देवनागरीत, एंटिटी नको’ ही सूचना द्या, रूपांतर करताना मिनिफाय (कोडमधल्या अनावश्यक मोकळ्या जागा काढणं) लावा, आणि तयार फाइल ९० केबीच्या आत ठेवा, कारण पाठवणारी सेवा स्वतःचे मागोवा-दुवे घालून तिच्यात भर टाकते. दिवाळीचे लेख संकेतस्थळावर ठेवून पत्रकात प्रत्येकाचा एक परिच्छेद आणि दुवा दिला तर वाचणाऱ्यांचीही सोय होते.

मुळातल्या एमजेएमएल टॅगला लँग अॅट्रिब्यूट देऊन त्यात मराठीचा एमआर हा संकेत लिहा. पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाला कोणत्या भाषेत बोलायचं ते त्यावरून कळतं. असिस्टंट हे स्वतःहून क्वचितच लिहितो.

प्रश्न : जीमेलच्या अॅपमध्ये काहींना सगळी स्टाइल गेलेली दिसते. माध्यम-अटी (मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागू होणारे नियम) तर बरोबर आहेत.

उत्तर : जीमेल २०१६ पासून डोक्यातला स्टाइल-ब्लॉक (सीएसएसच्या नियमांचा गठ्ठा) आणि मीडिया क्वेरी मानतं, पण न कळणारं काही सापडलं, विशेषतः मीडिया क्वेरीच्या आत आणखी एक अॅट-नियम (@ या चिन्हाने सुरू होणारा नियम), तर तो अख्खा ब्लॉक फेकून देतं. शिवाय जीमेलच्या अॅपमध्ये दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलेलं असेल तर स्टाइल-ब्लॉक मानलाच जात नाही. असिस्टंटला सांगा की मेल स्टाइल-ब्लॉकशिवायही वाचता आला पाहिजे. एमजेएमएलचे कॉलम तसे बनतातच : ब्लॉक गेला की ते पूर्ण रुंदीचे होऊन एकाखाली एक येतात. मोबाइलवरही शेजारीच राहायला हवेत असे कॉलम, जसं छोटं चिन्ह आणि त्याच्या शेजारचा मजकूर, एमजे-ग्रुपमध्ये ठेवा, आणि ग्रुपमधल्या कॉलमची रुंदी टक्क्यांत द्या, पिक्सेलमध्ये नाही. स्वतःचे नियम एमजे-स्टाइलमध्ये लिहिताना तिला इनलाइन हे अॅट्रिब्यूट दिलं की ते थेट टॅगवर उतरतात. मीडिया क्वेरी मात्र तशा उतरवता येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी, साधी एमजे-स्टाइल ठेवा.

पाठवण्याआधी जीमेल वेबवर, अँड्रॉइडच्या जीमेल अॅपमध्ये एकदा जीमेल खात्यावर आणि एकदा कंपनीच्या खात्यावर, आयफोनच्या मेलमध्ये आणि विंडोजच्या जुन्या आउटलुकमध्ये प्रत्यक्ष मेल पाठवून बघा. डार्क मोडमध्येही एकदा उघडा. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो तिथे दिसेनासा होतो, त्याच्या कडेला बारीक पांढरी किनार लावलेली पीएनजी वापरा.